ट्रेलरमध्ये शॉवर बसवायचाय? आधी ट्रेचं बूड भरा

बंदिस्त मालवाहू ट्रेलरचं राहतं घर करणारे शॉवरच्या भिंतींवरच अडकतात. शीट कुठली, रंग कुठला, नळ कुठला. गळती मात्र भिंतीतून क्वचित होते. ती होते पायाखालून.

शॉवरची जागा ॲक्सलजवळ धरा, पाण्याची टाकीही तिथेच. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो; ते मागच्या टोकाला टाकलं की ट्रेलर रस्त्यावर डोलायला लागतो. 24 बाय 24 इंचांत अंघोळ होते, पण कोपरं भिंतीला आपटतात. 24 बाय 32 जमत असेल तर तेच करा. ट्रे, म्हणजे पायाखालचं उथळ पात्र, एकसंध एफआरपीचा (फायबरग्लासचा) घ्या. टाइल्स नकोतच, वजन वाढतं आणि खड्ड्यांनी सांधे सुटतात.

सांडपाण्याचं भोक पाडण्याआधी ट्रेलरखाली आडवं होऊन चेसिसचे क्रॉस, म्हणजे आडवे दांडे, कुठे येतात ते बघा.

आता ट्रे. माझा पहिला ट्रे मी नुसता कडांना स्क्रू मारून बसवला होता, बूड पोकळ. उभं राहिलं की मधोमध दोन-तीन मिलिमीटर दबायचा, पाय उचलला की वर यायचा. दर अंघोळीला वेस्ट कपलिंगचं (जाळीखालच्या पाइपजोडाचं) वॉशर तेवढंच हलत होतं. कोकणात आठ दिवस फिरून आलो तर आत कुबट वास. ट्रे उचकटला, तेव्हा खालच्या प्लायचे थर केळीच्या सोपटासारखे हाताने सुटत होते. अख्खा फ्लोअर बदलावा लागला.

ट्रेखाली स्प्रे फोमचा डबा रिकामा करा, असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. फोम फुगताना ट्रेला खालून ढकलतो, मधला भाग वर येतो आणि पाणी जाळीकडे जायचं सोडून कोपऱ्यात साचतं. सिमेंटचा मालही नको. तो जड असतो आणि हादऱ्यांनी त्याचा भुगा होतो.

ट्रे उलटा करा. खालच्या फासळ्यांमधल्या प्रत्येक खणात कडक एक्सपीएस शीटचे (थर्माकोलच्या जातीच्या दाट फोमचे) तुकडे मापात कापून, फासळ्यांच्या पातळीत चिकटवा. सॉल्व्हंटवाला गोंद हा फोम विरघळवतो, म्हणून बिनसॉल्व्हंटचं पीयू (पॉलियुरेथेन) ॲडेसिव्हच घ्या. मग ट्रेलर जॅकवर दोन्ही दिशांनी लेव्हल करा आणि त्यानंतरच ढाळ तपासा. फुटाला पाव इंच हवा. ट्रेमध्ये तो साच्यातूनच आला नसेल, तर जाळीच्या समोरची बाजू खालून पट्टी देऊन उचला. ट्रे कोरडाच ठेवून त्यात उभे राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाका. कुठे ‘टक्’ वाजलं तर तिथे अजून पोकळी आहे. ती भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग पीयूच्या रेघा मारून ट्रे दाबा, आत पाण्याने भरलेल्या 20 लिटरच्या रंगाच्या दोन बादल्या ठेवा आणि 24 तास हात लावू नका.

जाळी मधोमध नको, एका कोपऱ्यात घ्या. ट्रेलर मुक्कामाला कधीच सपाट उभा राहत नाही. कोपऱ्यात जाळी असली की तो कोपरा खाली ठेवून गाडी लावता येते. घरातला न्हाणी ट्रॅप इथे कामाचा नाही. वळणावळणाला त्यातलं पाणी हिंदकळून जातं आणि सांडपाण्याच्या टाकीचा वास आत येतो. सिलिकॉनच्या पडद्याचा, बिनपाण्याचा ट्रॅप लावा.

भिंतींची शीट ट्रेच्या उभ्या काठाच्या आतल्या बाजूने खाली उतरवा, सांध्यात न्यूट्रल सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज चढवतं. दाराऐवजी पडदा. पंप 12 व्होल्टचा.

गॅस गिझर आत बसवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो; ट्रेलरच्या डब्यात तर हवा त्याहून कमी खेळते. पाणी बाहेर तापवून आणा.

शेवटी जाळीला बूच मारून ट्रे भरा, पातळीवर पेन्सिलीची खूण करा, रात्रभर ठेवा. सकाळी खूण जुळली की कपलिंगखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि बूच काढा. एक थेंब पडला तरी कागदावर दिसतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर कपलिंगचा चेकनट पुन्हा आवळा आणि कागद पुन्हा पसरा.