ऑफिसच्या मेलमधला स्पॅम गाळताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री असो, निपाणीतली तंबाखूची वखार असो की खानापुरातली पतसंस्था, तक्रार एकच असते: "स्पॅम फार येतोय, तेवढा बंद करून द्या." मग घाईघाईत जो बंदोबस्त होतो, त्यात स्पॅमबरोबर कामाची मेलही जाते. पन्नास फालतू मेल हाताने पुसायला पाच मिनिटं लागतात. हरवलेली एक पर्चेस ऑर्डर शोधण्यात आठवडा जातो. ही गोष्ट लक्षात न घेता सेटिंग बदलणाऱ्यांनी जे घोळ घातलेत, ते पुन्हा पुन्हा तेच असतात.

सर्व्हरवरचा जंक फोल्डर कधीच न उघडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ऑफिसची मेल दोन ठिकाणी गाळली जाते: आधी सर्व्हरवर, नंतर तुमच्या कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्ड किंवा आउटलुक (इथे जुनं, क्लासिक आउटलुक) या मेलच्या प्रोग्रॅममध्ये. खातं पॉप-३ ने (सर्व्हरवरून मेल उतरवून घेण्याच्या पद्धतीने) जोडलेलं असेल, तर प्रोग्रॅम सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स उतरवून घेतो. सर्व्हरने एखादी मेल स्वतःच्या जंकमध्ये टाकली, की ती तुमच्या कॉम्प्युटरवर येतच नाही. तुम्ही इथला जंक कितीही वेळा तपासा, तिथे ती नसणारच.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नेमकं हेच झालं. पंपाच्या केसिंगचं सुधारित ड्रॉइंग कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाने मेलने पाठवलं आणि फोन करून तसं सांगितलंही. सर्व्हरने ती मेल जंकमध्ये टाकली होती. ऑफिसात शोधल्यावर त्याच नावाची फाइल सापडली, पण ती महिन्यापूर्वीची. तीच नवी समजून पुढे दिली गेली. चाळीस नग ओतून झाले, मशिनिंगला गेले, तेव्हा बोअरचा व्यास चुकल्याचं कळलं. सगळे नग पुन्हा भट्टीत गेले. नंतर वेबमेल (ब्राउझरमधून दिसणारी सर्व्हरवरची मेल) उघडलं, तर सुधारित ड्रॉइंग सर्व्हरच्या जंकमध्ये तसंच पडलेलं.

यावर उपाय म्हणजे खातं आयमॅपने जोडणं, या पद्धतीत सर्व्हरवरचे बाकीचे फोल्डरही प्रोग्रॅममध्ये दिसू शकतात. थंडरबर्डमध्ये खात्याच्या नावावर राइट-क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडा आणि यादीतल्या जंक किंवा स्पॅम फोल्डरवर टिक करा. सर्व्हरवर जागा कमी म्हणून पॉपच ठेवायचं असेल, तर रोज सकाळी काम सुरू करण्याआधी वेबमेल उघडून जंक बघायचाच. आठवड्यातून एकदा बघून भागत नाही, कारण बरेच सर्व्हर जुना जंक आपोआप पुसतात.

मेल कोणी अडवली हे हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत येणाऱ्या तांत्रिक नोंदींमध्ये कळतं. थंडरबर्डमध्ये मेल निवडून कंट्रोल आणि यू दाबा. आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडा, फाइलमधून 'प्रॉपर्टीज'मध्ये जा. 'एक्स-स्पॅम-फ्लॅग'समोर 'यस' असेल, तर निवाडा सर्व्हरचा आहे. सर्व्हरवर स्पॅमअसॅसिन ही गाळणी असेल, तर 'एक्स-स्पॅम-स्टेटस' या ओळीत किती गुण पडले आणि कोणत्या चाचण्यांमुळे पडले, तेही असतं. मूळ मर्यादा ५ गुणांची असते, तेवढे झाले की मेल स्पॅम ठरते. अशा वेळी आपल्या प्रोग्रॅममध्ये खुडबुड करू नका. ती ओळ कॉपी करून सर्व्हर सांभाळणाऱ्याला पाठवा, त्याला नेमकं काय बदलायचं ते कळेल.

गाळणीला फक्त वाईटच शिकवणं

थंडरबर्डची गाळणी शब्दांच्या मोजणीवर चालते. कोणता शब्द जंकमध्ये किती वेळा आला आणि चांगल्या मेलमध्ये किती वेळा, यावरून ती नव्या मेलचा अंदाज बांधते. लोक स्पॅम दिसला की 'जे' (जंक अशी खूण) दाबतात, पण चांगल्या मेलवर शिफ्ट आणि 'जे' (जंक नाही अशी खूण) कोणीच दाबत नाही. मग तिच्या तराजूचं एक पारडं रिकामंच राहतं.

आपल्या सीमाभागात हे जास्त नडतं. गिऱ्हाइकाची मेल इंग्रजीत, कोल्हापूर-सांगलीची मराठीत आणि सरकारी खात्यांची कन्नडमध्ये. कन्नडमधल्या जाहिराती तेवढ्या जंक म्हणून शिकवल्या आणि कन्नडमधलं एकही कामाचं पत्र चांगलं म्हणून दाखवलं नाही, तर साधे रोजचे कन्नड शब्दच गाळणीला संशयास्पद वाटू लागतात. मग कामगार खात्याची नोटीस जंकमध्ये सापडते, तीही मुदत संपल्यावर. मराठीचंही तसंच.

म्हणून आधी इनबॉक्समधल्या दोनेकशे चांगल्या मेल एकदम निवडायच्या, त्यात तिन्ही भाषा आल्या पाहिजेत, आणि शिफ्ट-जे दाबायचं. पहिले दोन आठवडे अकाउंट सेटिंग्जमधल्या 'जंक सेटिंग्ज'मध्ये नवा जंक हलवण्याची टिक काढून ठेवायची. गाळणी नुसती खूण करेल, चूक असेल तिथे तुम्ही दुरुस्त करायची. तिसऱ्या दिवशीच "हे काही चालत नाही" म्हणून 'रीसेट ट्रेनिंग डेटा' दाबणाऱ्यांचं पुन्हा शून्यापासून सुरू होतं. एवढा धीर नसेल, तर ही गाळणी वापरूच नये.

हे शिक्षण प्रोफाइलमधल्या 'ट्रेनिंग डॉट डॅट' या फाइलमध्ये साठतं. कॉम्प्युटर बदलताना ती सोबत न्या.

शब्द पकडून थेट डिलीट

विषयात 'सेल' असेल तर डिलीट, असा फिल्टर लावला की 'सेल्स ऑर्डर' आणि 'होलसेल'ही गेले, कारण 'कन्टेन्स' ही अट शब्दाच्या पोटातही शोधते. फिल्टरची कृती डिलीट कधीच नको. 'तपासणी' नावाचा फोल्डर करा आणि मेल तिकडे हलवा. आउटलुकमध्ये 'जंक ईमेल ऑप्शन्स'मधली संशयित मेल कायमची पुसण्याची टिकही तशीच घातक. पातळी 'लो' पुरते. 'हाय' ठेवायची असेल तर जंक रोज बघा.

बाकीच्या

आपलंच डोमेन (मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) सेफ सेंडर्समध्ये, म्हणजे न अडवायच्या पत्त्यांच्या यादीत टाकू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो, आणि साहेबांच्या नावाने आलेली बनावट मेल त्याच वाटेने आत येते.

स्पॅमवाल्याला "पाठवू नका" असं उत्तर देऊ नका. थंडरबर्ड तो पत्ता आपोआप 'कलेक्टेड ॲड्रेसेस' या पत्त्यांच्या वहीत घालतो. जंक सेटिंग्जमध्ये त्या वहीवर टिक असेल, तर तो पुढे कधीच जंक ठरत नाही.

एकेक पत्ता ब्लॉक करत बसणं म्हणजे वेळेची नासाडी, उद्या पत्ता नवा असतो.

एकच आयमॅप खातं तीन टेबलांवर उघडत असेल, तर गाळणी एकाच कॉम्प्युटरवर चालू ठेवा. नाहीतर एकाने जंकमध्ये हलवलेली मेल बाकीच्या दोघांच्या इनबॉक्समधूनही जाते आणि कोणी हलवली ते कळत नाही.

आउटलुकच्या ज्या रूलपुढे (मेल आपोआप हलवणाऱ्या नियमापुढे) 'क्लायंट-ओन्ली' लिहिलंय, तो आउटलुक उघडं असतानाच चालतो. रविवारी फोनवर स्पॅम दिसतो तो यामुळे.

१९०९ वर डीएनडी (जाहिराती नकोत अशी नोंद) नोंदवून मेल थांबत नाहीत, ती सोय कॉल आणि एसएमएससाठी आहे. बनावट मेलवर भरवसा ठेवून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि ती मेल पुसू नका, हेडरसकट जपून ठेवा.