मे महिन्यात रत्नागिरीला येताय? या चुका टाळा

एप्रिल संपत आला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. पुण्याची मावसबहीण, नागपूरचे भावजी, ठाण्यातले जुने शेजारी. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, "तिकडे तापमान किती आहे गं?" मी सांगते, ३३-३४. पलीकडून लगेच सुटकेचा सूर येतो, "मग काय, मजाच आहे! इकडे बेचाळीस आहे." पाहुण्यांच्या निम्म्या चुकांची सुरुवात या एका आकड्यापासून होते.

रत्नागिरीचा पारा फार वर जात नाही, हे खरंच आहे. पण हवेत बाष्प इतकं असतं की अंगावरचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. रात्रीसुद्धा हवा २६-२७ अंशांच्या आसपास रेंगाळते. नागपूरच्या माणसाला उन्हाची सवय असते, पण ती कोरड्या उन्हाची. इथे तो दिवसभर फिरतो, "काही विशेष ऊन नाही" म्हणतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो.

त्यातून वाऱ्याचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे रोज अंगाला जाणवतं. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा सकाळी पडतो आणि समुद्राकडचा वारा सुटायला दुपार व्हावी लागते. मधले, साधारण नऊ ते साडेअकराचे तास सगळ्यात कोंदट. झाडाचं पान हलत नाही. आणि नेमक्या याच वेळी पाहुणे आरामात नाश्ता करून, तयार होऊन बाहेर पडतात.

म्हणून दिवसाचे सरळ दोन तुकडे करा. सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. साडेसहाला रत्नदुर्ग किल्ल्यावर असाल तर भगवती देवीचं दर्शन, तटावरची फेरी आणि तिन्ही बाजूंचा समुद्र हे सगळं साडेआठपर्यंत निवांत होतं. उन्हाच्या वेळेसाठी छपराखालच्या जागा ठेवा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे इथे आणून ठेवलं, त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेला राजवाडा आहे. झाडगावचं मत्स्यालय मुलांना फार आवडतं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना १९३१ मध्ये उभं राहिलेलं पतितपावन मंदिर आहे. (सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, राजवाड्यातही संग्रहालय आहे, त्याचा बेत त्या दिवशी नको.) एक ते चार झोप काढा. साडेचारनंतर पुन्हा बाहेर पडा. मेमध्ये सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, म्हणजे अडीच तास हातात असतात आणि तोवर वाराही सुटलेला असतो.

गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा हा यातला सर्वात दुखरा भाग. तिथे डोंगरालाच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला घालायची. वाट साधारण एक किलोमीटरची आणि अर्थातच अनवाणी. दोन वर्षांपूर्वी मावसबहिणीचं कुटुंब साडेबाराला प्रदक्षिणेला निघालं. मोठ्यांनी भरभर पावलं टाकून कसंबसं निभावलं. सहा वर्षांची मुलगी अर्ध्या वाटेत रडायला लागली, तेव्हा तिला कंटाळा आला असेल असं सगळ्यांना वाटलं. घरी आल्यावर मी तिचे पाय पाहिले तर दोन्ही टाचांना आणि अंगठ्यांच्या खाली फोड आले होते. पुढचे तीन दिवस तिने समुद्र खोलीच्या खिडकीतून पाहिला. प्रदक्षिणा सकाळी आठच्या आत घाला, नाहीतर ऊन उतरल्यावर. जाणं दुपारीच झालं तर दर्शन घ्या आणि प्रदक्षिणा मनातल्या मनात घाला.

उन्हाचा त्रास सुरू झालाय हे ओळखायला शिका. डोकं जड होणं, मळमळणं, पायात गोळे येणं ही पहिली पायरी. तेव्हाच सावलीत बसवा, मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवा, ओआरएस घोट घोट पाजा. कोकम सरबतात मीठ असतं, तेही चांगलं. थंड पेयाच्या बाटलीने मात्र भागत नाही. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. १०८ला फोन करा.

आता समुद्र. इथे येणारा माणूस घड्याळ पाहतो, हवामान पाहतो, पण भरती पाहत नाही. मागच्या वर्षी आमच्याकडे उतरलेल्या एका कुटुंबाने आरे-वारेच्या किनाऱ्यावर गाडी थेट वाळूत उतरवली. दुपारचे साडेचार वाजले होते, पाणी खूप आत गेलेलं आणि ओली वाळू रस्त्यासारखी टणक. मुलं खेळली, फोटो झाले, सूर्यास्त झाला. निघताना मागची चाकं फिरली ती जागच्या जागी. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी गाडी खाली बसली. जाळं आवरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी लांबूनच हाक मारली, "अहो, पाणी लागलंय चढायला! माणसं उतरवा आधी!" शेवटी वाडीतल्या मुलांनी दोर आणि ट्रॅक्टर आणला. गाडी निघाली तेव्हा लाटा बंपरपर्यंत आल्या होत्या.

त्या दिवशी त्रयोदशी होती. आमच्याकडे भरतीचा एक जुना हिशेब आहे, लहानपणी आजोबांनी शिकवलेला: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्रयोदशीचे तेरा गुणिले पाऊण म्हणजे पावणेदहा. सकाळी पावणेदहाला आणि रात्रीही पावणेदहाच्या सुमारास भरती. मधली ओहोटी सहा तासांनी, म्हणजे दुपारी पावणेचारच्या आसपास. साडेचारला दिसलेली ती रुंद, टणक वाळू म्हणजे नुकतीच उलटलेली ओहोटी होती. अष्टमीला भरती सहाला, चतुर्थीला तीनला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. मिनिटांचा फरक पडतो, पण बेत ठरवायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती, पाणी जास्त वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, ती कमी. कॅलेंडर प्रत्येक घरात असतं, निघताना तिथ्या तेवढ्या टिपून आणा.

गाडी वाळूत नेऊच नका. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका. चाकांतली हवा थोडी कमी करा, पुढची वाळू हाताने उपसा, चाकाखाली गाडीतले पायपोस घाला आणि लगेच गावातल्या माणसांना हाक मारा. वेळ गेला की पाणी जिंकतं.

पोहण्याबद्दल मी फार कडक आहे आणि कडकच राहणार. गणपतीपुळ्याचा किनारा सुंदर आहे, पण तिथे बुडाल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतो आहोत. बहुतेक वेळा बुडालेला माणूस देशावरचा असतो, विहिरीत-तलावात चांगला पोहणारा. समुद्राची ओढ वेगळी असते. लाटांच्या मध्ये जिथे पाणी शांत दिसतं, तिथूनच कधीकधी ते जोरात आत खेचत असतं. ओहोटी लागल्यावर गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका, दम तिथेच संपतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत राहा आणि ओढ सुटली की किनाऱ्याकडे वळा. जीवरक्षकाने शिट्टी मारली तर वाद न घालता बाहेर या.

खोली घेताना फोटोतला समुद्र पाहून पैसे भरतात, तिथेही घोळ होतो. स्लॅबच्या अगदी खालची, वरच्या मजल्यावरची खोली दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खाली सोडते. खालचा मजला किंवा कौलारू घर मागा. फोनवर तीन गोष्टी विचारा: वीज गेल्यावर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का, पाणी विहिरीचं आहे की टँकरचं, आणि जेवण घरात मिळतं का. मेमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांना टँकरने पाणी येतं. पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पडणारा पाऊस जांभ्या दगडातून झिरपून निघून जातो आणि उन्हाळ्यात बाया कळशी घेऊन चालतात. समुद्रातून आल्यावर तासभर शॉवरखाली उभं राहताना हे लक्षात असू द्या. घरगुती खानावळीत जेवण आणि उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. तीन वाजता जाऊन ताट मागितलं तर मिळणार नाही.

तिकिटाचं थोडक्यात. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. १० मेची गाडी हवी असेल तर ११ मार्चला सकाळी आठ वाजता बसायला हवं. परतीचं तिकीट विसरू नका, मेअखेर ते जास्त अवघड असतं. रत्नागिरीचं मिळत नसेल तर चिपळूणपर्यंतचं पाहा, तिथून एसटी आहे. ऑनलाइन काढलेलं तिकीट शेवटपर्यंत पूर्ण वेटिंगलाच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढू नका. रेल्वे स्टेशन शहरात नाही, कुवारबावच्या बाजूला आहे. पहाटे उतरणार असाल तर रिक्षाचं आधी ठरवा.

तारखेची चूक मात्र नंतर सुधारता येत नाही. "परीक्षा, निकाल, लग्नं सगळं आटपून मेच्या शेवटी येतो" असं अनेकजण म्हणतात. पाऊस इथे साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, पण २०२५ मध्ये तो मे संपायच्या आत कोकणात दाखल झाला. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यालाच या किनाऱ्यावरून गेलं, झाडं आडवी झाली आणि अनेक गावं अंधारात राहिली. शिवाय मेच्या अखेरच्या आठवड्यापासून समुद्र खवळायला लागतो आणि पाण्यातले खेळ बंद होतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या नुसत्या नांगरून पडतात. समुद्र, मासे आणि आंबा तिन्ही हवे असतील तर २० एप्रिल ते १५ मे यातले दिवस पकडा.

आणि आंबा. माझ्या वडिलांची छोटी बाग आहे, म्हणून इथे जरा जास्त बोलते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाचच जिल्हे आहेत. तरी महामार्गावरच्या टपरीवर "रत्नागिरी हापूस" लिहिलेल्या पेटीत दुसरीकडचा आंबा निघतो. आंबा नाकाने घ्या. देठाजवळ वास घ्या, पिकत आलेला हापूस लपून राहत नाही. अख्खी पेटी एकसारखी पिवळीधमक आणि वास मात्र शून्य, तर ती कार्बाइडची असू शकते, घेऊ नका. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. शक्य असेल तर बागायतदाराच्या घरी जाऊन घ्या आणि एक फळ कापून दाखवायला सांगा. आतला पांढुरका, भुसभुशीत, आंबट भाग म्हणजे साका. तो बाहेरून कुणालाच दिसत नाही, आम्हालाही नाही. त्यामुळे एखाद्या फळात साका निघाला म्हणजे विकणाऱ्याने फसवलं असं नसतं.

प्रवासाला तयार आंबा नेऊ नका, कच्चा किंवा नुकता रंग धरू लागलेला घ्या. पेटी उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलीत तर घरी पोचेपर्यंत आंबे उकडतात. सीटखाली, हवा लागेल अशी ठेवा. घरी गेल्यावर पेटी त्याच दिवशी उघडा. एकेक फळ पुसून पेंढ्यावर, नाहीतर वर्तमानपत्रावर पसरा आणि देठाकडून काळा पडलेला वेगळा करा. त्या एकाने अख्खी अढी, म्हणजे पिकायला पसरलेले सगळे आंबे, जाते. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, तो मग पिकत नाही, नुसता सुरकुततो. रोज सकाळी अढीवर हात फिरवा. जो दाबल्यावर किंचित लवतो आणि ज्याचा वास खोलीभर येतो, तो त्या दिवशी दुपारच्या जेवणाला काढा.