बँडसॉचं पातं भरकटतंय? आधी गाईड मागे घ्या

घरच्या १४ इंची बँडसॉवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची विजेची करवत) काप वाकडा जायला लागला की बहुतेक जण गाईड, म्हणजे पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारे भाग, आणखी आवळतात. तिथेच चुकतं. प्लग काढा, वरचे-खालचे दोन्ही गाईड आणि पात्याला मागून आधार देणारं बेअरिंग पात्यापासून पूर्ण लांब सारा, मगच पातं चढवा. दात खाली, टेबलाच्या दिशेने.

आधी ताण, मग ट्रॅकिंग, म्हणजे पातं चाकावर कुठे धावतं ते जुळवणं. उलट केलंत तर ताण वाढवल्यावर पातं पुन्हा सरकतं. वरचं चाक हाताने फिरवत ट्रॅकिंगचा नॉब थोडा थोडा वळवा, पातं चाकावरच्या रबरी टायरच्या मधोमध स्थिर धावेपर्यंत.

आता गाईड. पातं आणि बाजूचा गाईड यांत साध्या कागदाएवढी, म्हणजे साधारण ०.१ मिमी फट. गाईडची पुढची कड दातांमधल्या खाचांच्या किंचित मागे हवी; दात गाईडला घासले तर त्यांची फाक (दातांचा डावी-उजवीकडचा वाक) जाते आणि पातं वाया. मागचं बेअरिंग ०.४ मिमीच्या आसपास मागे. मोकळं चालताना ते फिरायला नको, लाकूड रेटल्यावरच फिरावं.

टेबल गुण्याने ९० अंशांत तपासा. वरचा गाईड लाकडाच्या ५-६ मिमी वर ठेवा.

इतकं करूनही काप एकाच बाजूला ओढत असेल, तर बहुधा त्या बाजूचे दात जास्त धारदार राहिलेत. तेव्हा पातं बदला, गाईडशी झटापट नको.