गुहागरला चार रात्री: पंचांग बघून आखलेली सुट्टी

शनिवार-रविवार जोडून समुद्रावर जाऊन आल्याने विश्रांती होत नाही. एक दिवस प्रवासात जातो, दुसऱ्या दिवशी निघायची घाई असते आणि डोक्यातलं काम काही खाली उतरत नाही. सलग चार रात्री तरी एकाच गावात काढायला हव्यात, त्याही सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी परत निघालात की गर्दी समोरून येत असते आणि कामावर जायच्या आधी घरचे दोन दिवस हातात उरतात.

गाव म्हणून गुहागर निवडण्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. गावातून लांबच लांब रस्ता जातो आणि त्याच्या समुद्राकडच्या घरांमागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या थेट पुळणीपर्यंत उतरतात. खोली अशा घरात मिळाली की समुद्रावर जायला गाडी काढावी लागत नाही. चपला घालायच्या आणि निघायचं. दिवसातून तीनदा सहज जाणं होतं, आणि सुट्टीचं सगळं सुख त्यातच आहे.

खोली ठरवताना फोटोंवर जाऊ नका, फोन करून विचारा. वाडीतून पायवाट आहे की रस्त्याने वळसा घालावा लागतो? वीज गेली तर पंखा इन्व्हर्टरवर चालतो का? मच्छरदाणी मिळेल का? घरात मासे चालतात का? गुहागरातल्या बऱ्याच घरांत स्वयंपाक शाकाहारीच असतो, त्यामुळे हे आधीच बोललेलं बरं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, ऐन जेवणाच्या वेळी ते होत नाहीत. बाकी घावणे, कुळथाचं पिठलं, बिरडं, सोलकढी यावर चार दिवस आनंदात जातात.

हवा सर्वांत चांगली जानेवारी-फेब्रुवारीत. नाताळ ते ३१ डिसेंबर, दिवाळीचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. मे महिन्यात आंबे मिळतात, पण दुपारचा घाम आणि गर्दी दोन्ही सोसावं लागतं.

आता तारखा. इथे दिनदर्शिकेतली तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, अष्टमीला सहा. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजायचं, पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. भरती दिवसातून दोनदा येते, रात्री आणि दिवसा, आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण दिवस आखायला एवढं पुरतं. रोज भरती पाऊण तास पुढे सरकते.

लहान मुलं असतील आणि पाण्यात खेळायचं असेल तर सप्तमी ते एकादशी पडेल असा आठवडा धरा. दुपारी चारनंतर चढतं पाणी मिळतं आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती, असल्यामुळे पाण्याची चढउतार कमी, ओढही कमी. फक्त चालायचं असेल तर अमावास्या-पौर्णिमेचे दिवस घ्या. तेव्हा उधाण असतं, दुपारी बाराच्या सुमारास पाणी खूप वर येतं, पण सकाळी आणि सूर्यास्ताला ओहोटी लागलेली असते. रुंद, ओली, घट्ट वाळू पायाखाली मिळते. हे दिवस पोहण्याचे मात्र नव्हेत.

पाण्यात उतरण्याचा नियम एकच आणि तो मोडू नका: भरती चढत असताना कमरेपर्यंत जा, ओहोटी लागली की बाहेर या. उतरतं पाणी माणसाला आत ओढतं. उतरण्याआधी पाच मिनिटं काठावर उभं राहून लाटा बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, तिथलं पाणी गडद दिसतंय, फेस समुद्राकडे चाललाय, तर ती जागा शांत नसते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. नवखी माणसं नेमकी तीच जागा निवडतात, कारण तिथे लाट अंगावर येत नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा आणि मग लाटांबरोबर आत या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करून हाक मारा. खाडीच्या मुखाशी आणि खडकांजवळ कधीच उतरू नका. गाडी वाळूत घालू नका, चाकं रुततात आणि भरती थांबत नाही.

अकरा ते चार सावलीत काढा. सनस्क्रीन उन्हात जाण्याआधी वीसेक मिनिटं लावायचं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. अंगाला चिकटलेली वाळू झटकून निघत नाही. अंग कोरडं करून टाल्कम पावडर चोळा, वाळू लगेच सुटते. दमट हवेत जाड सुती कपडे वाळत नाहीत, पातळ कपड्यांचे दोन जोड पाण्यासाठी वेगळे ठेवा. थोडी रोख रक्कम आणि बॅटरी सोबत असू द्या.

फिरणं एकच ठेवा. हेदवीचा दशभुज गणपती आणि तिथली बामणघळ भरतीच्या वेळी बघण्यासारखी आहे. खडकातल्या चिरेत पाणी घुसून वर उसळतं. खडक निसरडे असतात, कडेपासून लांब उभं राहा. वेळणेश्वर, जयगड, दाभोळची फेरी हे सगळं एकाच खेपेत कोंबलं की सुट्टी गाडीतच संपते.

काम खरोखर मागे ठेवायचं तर तयारी आठवडाभर आधी करा. चालू कामांचा एक पानी कागद बनवा: काम, कुठवर आलंय, पुढची तारीख, कोण बघणार. तो सहकाऱ्यासमोर बसून वाचा, नुसता मेल करू नका, कारण शंका वाचतानाच निघतात. निघण्याच्या आदल्या दिवशी नवी मीटिंग घेऊ नका. ऑटो-रिप्लायमध्ये परतीची तारीख आणि पर्यायी माणसाचं नाव लिहा. ‘अधूनमधून मेल बघेन’ हे वाक्य नको, ते लिहिलं की लोक उत्तराची वाट बघतात. फोनमधल्या ऑफिसच्या मेलचं सिंक बंद करा, ग्रुप म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. नंबर एकाच सहकाऱ्याकडे ठेवा आणि तातडीचं म्हणजे नेमकं काय, ते त्याच्याशी आधीच ठरवा.

जायला रेल्वे उत्तम. चिपळूणला उतरा, तिथून गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास, एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करून टाका. पुण्याकडून गाडीने येणाऱ्यांना पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट हा रस्ता. मुलांना गाडी लागत असेल तर घाटाआधी पोटभर खाऊ घालू नका. परत गेल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खारी हवा आणि वाळू पत्र्याला राहिली की पावसाळ्यात गंज धरतो.