ईएसआयचा आजारपण किंवा अपंगत्व लाभ: दावा कसा करावा आणि तो नाकारला गेल्यास दाद कुठे मागावी

पगाराच्या पावतीवर दरमहा ‘ईएसआय’ या नावाखाली 0.75 टक्के कपात दिसते, मालक त्यात स्वतःचे 3.25 टक्के भरतो, आणि बहुतेक कामगारांचा कर्मचारी राज्य विमा योजनेशी असलेला संबंध तेवढ्यावरच थांबतो. दवाखान्यात औषधे मिळतात हे सर्वांना ठाऊक असते. परंतु आजारपणात किंवा अपघातानंतर बुडालेल्या मजुरीपोटी रोख रक्कमही मिळते, हे अनेकांना वेळ आल्यावरच कळते, आणि तोवर एखाददुसरा महत्त्वाचा कागद करून घ्यायचा राहून गेलेला असतो. महिना 21,000 रुपयांपर्यंत (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी 25,000 रुपयांपर्यंत) वेतन असलेल्या आणि योजनेत समाविष्ट आस्थापनेत काम करणाऱ्या प्रत्येकासाठी हा लेख आहे. वेतनवाढीमुळे ही मर्यादा मध्येच ओलांडली गेली, तरी चालू वर्गणी कालावधी (वर्गणीच्या हिशेबाचा सहा महिन्यांचा टप्पा) संपेपर्यंत विमा कायम राहतो.

1948 चा मूळ कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. योजनेचा गाभा तोच असला तरी कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्यामुळे या लेखात कलमे दिलेली नाहीत, आणि जुन्या नमुन्यावरून अर्ज उतरवून काढताना वाचकांनीही त्यातील कलमे तशीच ठेवू नयेत.

पहिली पायरी: आपला दावा कोणत्या लाभाचा आहे हे ठरवावे

साधा आजार असेल तर आजारपण लाभ मिळतो. तो सरासरी दैनिक वेतनाच्या 70 टक्के असतो आणि लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत मिळून, म्हणजे साधारण वर्षभरात, जास्तीत जास्त 91 दिवसांसाठी दिला जातो. पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे असल्याने त्यांचे पैसे मिळत नाहीत. मात्र आधीचे आजारपण संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ही अट लागत नाही. सरासरी दैनिक वेतन 600 रुपये असलेल्या कामगाराला डॉक्टरांनी दहा दिवसांची विश्रांती दिली, तर आठ दिवसांचे, दिवसाला 420 रुपये या दराने, 3,360 रुपये होतात.

क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग, अर्धांगवायू अशा ठरावीक 34 दीर्घ आजारांसाठी विस्तारित आजारपण लाभ आहे. त्याचा दर 80 टक्के असून तो दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, परंतु त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी कालावधींत मिळून 156 दिवसांची वर्गणी असावी लागते.

कामावर झालेली इजा किंवा कामामुळे जडलेला व्यवसायजन्य रोग असेल तर अपंगत्व लाभाचा प्रश्न येतो. काम करता येत नाही तोवर तात्पुरता अपंगत्व लाभ 90 टक्के दराने मिळतो. अपघाताचा दिवस सोडून असमर्थता किमान तीन दिवसांची असली पाहिजे. त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही: नोकरीच्या पहिल्याच दिवशी यंत्रात हात सापडला तरी हक्क निर्माण होतो. इजेमुळे कमावण्याची क्षमता कायमची घटली, तर त्या प्रमाणात कायमस्वरूपी अपंगत्व लाभ आयुष्यभर दिला जातो.

येथे एक सापळा आहे आणि तो मला सर्वांत घातक वाटतो. अपघात झाला की “सध्या आजारी रजा टाक, नंतर बघू” असे कामगाराला सांगितले जाते, कारण अपघाताची नोंद केली की चौकशी मागे लागते. असे केल्यास 90 ऐवजी 70 टक्के मिळतात, हे नुकसान तुलनेने किरकोळ म्हणावे लागेल. खरे नुकसान पुढे होते, कारण ही इजा कामावरच झाली असे दाखवणारा एकही कागद तयार होत नाही आणि कायमस्वरूपी लाभाचा पायाच नाहीसा होतो.

दुसरी पायरी: आजारपण लाभासाठी 78 दिवस मोजावेत

वर्गणी कालावधी वर्षातून दोन असतात. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या काळातील वर्गणीवर पुढील 1 जानेवारी ते 30 जूनमधला लाभ ठरतो, तर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च या काळातील वर्गणीवर पुढील 1 जुलै ते 31 डिसेंबरमधला. संबंधित वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची वर्गणी देय असली पाहिजे. म्हणजे फेब्रुवारीत आजारी पडलेल्या कामगाराची जानेवारीतली हजेरी कोणी पाहत नाही. पाहिली जाते ती आदल्या एप्रिल ते सप्टेंबरमधली. आयुष्यात प्रथमच विमाधारक झालेल्या व्यक्तीचा पहिला लाभ कालावधी रुजू झाल्यापासून नऊ महिन्यांनी सुरू होतो, आणि तिचा पहिला वर्गणी कालावधी अपुरा असेल तर त्यात कामासाठी उपलब्ध असलेल्या दिवसांपैकी निम्म्या दिवसांची वर्गणी पुरते.

हे दिवस आजारी पडण्यापूर्वीच पाहून ठेवावेत. दहा अंकी विमा क्रमांकाने ईएसआयच्या संकेतस्थळावर प्रवेश केल्यास वर्गणीचा तपशील दिसतो. तेथील दिवस पगाराच्या पावत्यांशी जुळत नसतील, तर तफावत मालकाला लेखी कळवून त्याची पोच ठेवावी. मालकाने कपात करूनही वर्गणी भरली नसेल तर त्याचा भुर्दंड कामगारावर पडू नये, अशी कायद्यात तरतूद आहे: योजना चालवणारे कर्मचारी राज्य विमा महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. कपात दाखवणाऱ्या पावत्या जपून ठेवायच्या त्या याचसाठी.

तिसरी पायरी: वैद्यकीय प्रमाणपत्रांची साखळी तुटू देऊ नये

दावा उभा राहतो तो ईएसआय दवाखान्यातील विमा वैद्यकीय अधिकाऱ्याच्या किंवा पॅनेल डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर. पहिले प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशी मिळते, पुढे साधारण दर आठवड्याला मधले प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि कामावर जाण्यायोग्य झाल्यावर अंतिम प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘फिटनेस’ म्हणतात, ते मिळते. प्रत्येक प्रमाणपत्राची तारीख आधीच्या प्रमाणपत्राला जोडून आली पाहिजे. मध्ये चार दिवसांची फट राहिली तर त्या चार दिवसांचे पैसे अडकतात, आणि नंतर मागची तारीख घालून प्रमाणपत्र मिळण्याची आशा धरू नये.

रात्री-अपरात्री खासगी रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर तेथील कागद आपोआप ग्राह्य धरले जात नाहीत. परिस्थिती तशी असेल तर महामंडळ अन्य पुरावा स्वीकारू शकते. तो त्याच्या अधिकारातला भाग आहे. म्हणून डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि तातडीचे कारण सांगणारे पत्र घेऊन घरातील कोणीतरी लगेच आपल्या दवाखान्यात जावे आणि पुढील प्रमाणपत्रे तेथूनच सुरू करून घ्यावीत.

लाभ घेत असताना पाळायच्या काही अटीही आहेत. उपचार सोडू नयेत, बरे होण्यास बाधा येईल असे काही करू नये आणि परवानगीशिवाय उपचाराचे क्षेत्र सोडून गावी जाऊ नये. ज्या दिवसांची पगारी रजा घेतली त्या दिवसांचा आजारपण लाभ किंवा तात्पुरता अपंगत्व लाभ मिळत नाही, त्यामुळे हजेरीपटावर त्या दिवसांची नोंद कशी झाली आहे हे विचारून घ्यावे. या काळात मालक कामावरून काढू शकत नाही. काढल्याची नोटीस आली तर ती न फाडता जपून ठेवावी.

चौथी पायरी: अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी

अपघाताची सूचना मालकाला तोंडी दिली तरी चालते, पण तोंडी सूचना पुढे सिद्ध करणे अवघड जाते. कारखान्यात अपघात नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे आणि मालकाने ठरलेल्या नमुन्यातील अहवाल 24 तासांत, इजा गंभीर असल्यास तत्काळ, पाठवायचा असतो. नोंदवहीत “काम करताना हाताला लागले” एवढेच लिहिले जाते, आणि पुढे अपिलात हेच वाक्य आडवे येते. “दुसरी पाळी, दुपारी 3.40, चार नंबरच्या प्रेसवर डाय बदलताना उजव्या हाताच्या तर्जनीचे पुढचे पेर दाबले जाऊन तुटले, शेजारच्या यंत्रावरील दोन कामगारांनी पाहिले” अशी नोंद हवी. साक्षीदारांची नावे लिहावीत, कोणता हात व कोणते बोट हे स्पष्ट करावे आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. मालक नोंद करत नसेल तर तोच मजकूर स्वतःच्या सहीने रजिस्टर पोस्टाने मालकाला आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयाला पाठवावा.

कामाच्या ओघात झालेला अपघात, उलट पुरावा नसेल तर, कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. मालकाच्याच कामासाठी वावरताना एखादा सुरक्षा नियम मोडला गेला, एवढ्यावरून हक्क जात नाही. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही यात बसू शकतो, परंतु वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो. त्यासाठी पोलीस पंचनामा, त्या दिवशीचे पाळीपत्रक आणि नेहमीचा रस्ता हे तीन मुद्दे जुळले पाहिजेत.

पाचवी पायरी: दावा दाखल करावा

दाव्याचा अर्ज प्रमाणपत्रांसह शाखा कार्यालयात किंवा संकेतस्थळावरून करता येतो. आधार, बँक खाते आणि विमा नोंदीतील नाव यांत फरक असेल तर पैसे अडकतात, तो आधी दुरुस्त करून घ्यावा. दावा देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत केला पाहिजे. ही मुदत उलटल्यास पुढे न्यायालयात उशिराचे समाधानकारक कारण द्यावे लागते. कागदपत्रे पूर्ण असल्यास आजारपण लाभाचा पहिला हप्ता सात दिवसांत आणि अपंगत्व लाभाचा एका महिन्यात मिळणे नियमानुसार अपेक्षित आहे. तसे न झाल्यास शाखा व्यवस्थापकाला, मग विभागीय कार्यालयाला लेखी विचारावे. उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकाराखाली “माझ्या दाव्यावर कोणत्या तारखेला काय शेरा मारला” एवढीच माहिती मागावी. तीस दिवसांत उत्तर देणे भाग असते, आणि हाच शेरा पुढे अपिलात उपयोगी पडतो.

सहावी पायरी: नकाराचे कारण ओळखून योग्य ठिकाणी जावे

दावा नाकारला की लोक वैतागून एकच तक्रार सगळीकडे पाठवतात. त्याने फारसे साधत नाही, कारण कारणानुसार दाद मागण्याची जागा वेगळी असते. वर्गणीचे दिवस कमी भरले असा शेरा असेल तर तो हिशेबाचा वाद आहे. पावत्या आणि हजेरीपट घेऊन तो बहुधा शाखा किंवा विभागीय कार्यालयातच सुटतो. इजा कामावरची नव्हे असे म्हटले असेल किंवा विमाधारक असल्याबद्दलच वाद असेल, तर तो प्रश्न कर्मचारी विमा न्यायालयात जातो. अपंगत्व किती टक्के, हा वाद मात्र प्रथम वैद्यकीय मंडळापुढेच, म्हणजे टक्केवारी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळापुढे, गेला पाहिजे. मंडळाचा निर्णय झालेला नसेल तर न्यायालयही तो आधी मिळवायला सांगते.

तात्पुरता लाभ संपून अंतिम प्रमाणपत्र हाती आले की कायमस्वरूपी नुकसानाच्या तपासणीसाठी लगेच अर्ज करावा. मंडळापुढे जाण्याआधी कायद्याच्या अनुसूचीतील टक्केवारी स्वतः वाचावी. अंगठा गेल्यास 30 टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास 14, तर्जनीचे एक पेर गेल्यास 9, आणि हाड न जाता केवळ टोक छाटले गेल्यास 5 टक्के. म्हणजे 9 की 5 हे ठरते हाड गेले की नाही यावर, आणि ते एक्स-रेवरच दिसते. एक्स-रेची फिल्म न नेता केवळ बोट दाखवून परतलेल्या माणसाला 5 टक्के मिळाले तर नवल नाही. सरासरी दैनिक वेतन 600 रुपये असेल तर 90 टक्क्यांनी पूर्ण दर 540 रुपये होतो. त्याचे 9 टक्के म्हणजे दिवसाला 48.60 रुपये आणि 5 टक्के म्हणजे 27 रुपये. दिवसाच्या या 21.60 रुपयांचे तीस दिवसांच्या महिन्याला 648 रुपये होतात, आणि तेही आयुष्यभर.

मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर दोन मार्ग आहेत: वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जावे, ज्याच्या निर्णयावर पुढे कर्मचारी विमा न्यायालयात अपील करता येते, किंवा थेट त्या न्यायालयात जावे. निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते, म्हणून निर्णयाचे पत्र ज्या पाकिटातून आले ते पाकीट तारखेच्या शिक्क्यासह जपावे. अपिलात “अन्याय झाला” याने सुरुवात करण्यापेक्षा थेट मुद्दा मांडावा: “मंडळाने 5 टक्के नुकसान धरले आहे, सोबतच्या एक्स-रेत पुढच्या पेराचे हाड संपूर्ण गेल्याचे दिसते, अनुसूचीनुसार ते 9 टक्के होते.”

दैनिक रक्कम अगदी लहान असल्यास ती एकरकमी घेण्याचा पर्याय काहींना मिळतो. पैशाची निकड असली की तो मोहात पाडतो, परंतु मंडळाच्या निर्णयावर एकरकमी रक्कम मागून ती स्वीकारली की त्या निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही. टक्केवारीबद्दल मनात जराही शंका असेल तर आधी अपील करावे.

निर्णयानंतर इजेचे परिणाम अनपेक्षितपणे आणि बरेच बळावले, तर फेरतपासणीचीही तरतूद आहे. अंतिम निर्णयापासून पाच वर्षांच्या आत, किंवा तात्पुरत्या मूल्यांकनापासून सहा महिन्यांच्या आत, असा अर्ज करायचा असेल तर अपील न्यायाधिकरणाची परवानगी लागते.

सातवी पायरी: कर्मचारी विमा न्यायालय

लाभाच्या वादासाठी येथे अर्ज करण्याची सर्वसाधारण मुदत वादाचे कारण घडल्यापासून तीन वर्षांची आहे. ती वैद्यकीय मंडळाविरुद्धच्या तीन महिन्यांच्या मुदतीहून वेगळी असल्याने दोहोंत गल्लत करू नये. वाद उद्भवला तेव्हा आपण जेथे काम करत होतो, त्या क्षेत्राच्या न्यायालयात अर्ज करायचा असतो. वकील परवडत नसेल तर नोंदणीकृत कामगार संघटनेच्या पदाधिकाऱ्याला लेखी अधिकारपत्र देऊन त्याच्यामार्फत काम चालवता येते, आणि रोज अशी प्रकरणे हाताळणारा अनुभवी पदाधिकारी पुष्कळदा नवख्या वकिलापेक्षा उपयोगी ठरतो. या न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात जाता येते, मात्र प्रकरणात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला असेल तरच. टक्के कमी धरले एवढ्या तक्रारीवर तेथे दाद मिळत नाही.