मलेरिया गंभीर होतो तेव्हा या चुका टाळा

पावसाळ्यात गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात हिवताप वाढतो आणि तिथे फॅल्सिपॅरम हा घातक प्रकार जास्त आढळतो. साधा थंडीताप वाटता वाटता एक-दोन दिवसांत तो मेंदू, मूत्रपिंडं, फुप्फुसं गाठू शकतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे "ताप उतरलाय, थकलाय, झोपू द्या." रुग्णाला जागं करून पाहा. नीट उठत नसेल, असंबद्ध बोलत असेल, झटके आले, धाप लागली, डोळे पिवळे झाले, लघवी कमी किंवा काळपट झाली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालय गाठा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात गोळी किंवा पाणी घालू नका.

एक रक्तनमुना निगेटिव्ह आला म्हणून मलेरिया नाही, असं धरू नका. जंतू असलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसतात, त्यामुळे बोटातून घेतलेल्या थेंबात त्या दिसतीलच असं नाही. संशय असेल तर तपासणी पुन्हा व्हायला हवी. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार निघाला तरी निर्धास्त राहू नका, तोही गंभीर होतो.

गंभीर मलेरियावर आर्टेसुनेटचं इंजेक्शन हाच पहिला उपचार. ते सुरुवातीला, 12 आणि 24 तासांनी, मग रोज एकदा देतात. मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असेल तर पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच देऊन पाठवावा. वाटेत गेलेले तास परत मिळत नाहीत. रुग्ण शुद्धीवर आला, गिळू लागला, की 3 दिवसांचा गोळ्यांचा पूर्ण कोर्स घ्यायचाच. इथेच बरेच जण थांबतात आणि आजार उलटतो.

बेशुद्धी मेंदूच्या मलेरियामुळेच असेल असं नाही. या आजारात रक्तातली साखर धोकादायक खाली जाते, विशेषतः मुलांत, गरोदर बायकांत आणि क्विनीन हे मलेरियाचं औषध चालू असताना. ग्लुकोमीटरची तपासणी मिनिटभराची आहे. साखर पाहिली का, हे नातेवाइकांनी विचारावं, आणि पुन्हा पुन्हा विचारावं.

"अशक्त आहे, अजून सलाईन लावा" हा आग्रह धरू नका. जास्त सलाईनने फुप्फुसांत पाणी भरतं. मेंदूच्या मलेरियात स्टेरॉइडचाही फायदा नाही.

घरी आल्यावर महिनाभर हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवा. आर्टेसुनेटनंतर काहींच्या तांबड्या पेशी उशिरा फुटतात. चेहरा फिका पडला किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.