एकच रेडिएटर गार का? थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह घरीच कसा तपासावा

ऑक्टोबरच्या शेवटी ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर मागे जातात आणि घरोघरी हीटिंग सुरू होतं. मग इथल्या मराठी घरांतून एक तक्रार हमखास कानावर येते: सगळे रेडिएटर (बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणारे भिंतीवरचे पत्रे) तापतात, एकाच खोलीतला गार पडलाय. आमच्या पहिल्या हिवाळ्यात तो नेमका बाळाच्या खोलीतला होता. तीन रात्री बाळाला आमच्याजवळ झोपवलं, घाईने इलेक्ट्रिक हीटर आणला, आणि चौथ्या दिवशी कळलं की अडकली होती ती एक छोटीशी पिन. ती मोकळी करायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

रेडिएटरच्या एका टोकाला आकडे लिहिलेली गोल मूठ असते, तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. इथले प्लंबर त्याला टीआरव्ही म्हणतात. डेन्मार्कमध्ये डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली तो शोधला. मुठीच्या आत मेण किंवा द्रव भरलेली कुपी असते. खोली तापली की ते फुगतं, खालची पिन आत दाबतं आणि गरम पाण्याची वाट बंद होते. खोली गार झाली की ते आकसतं आणि स्प्रिंग पिनेला पुन्हा वर लोटते. या साध्या मुठीला वीज लागत नाही. आणि हा आपल्या पंख्याचा रेग्युलेटर नव्हे: ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापमानाला जाऊन थांबते. ३ म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस.

व्हॉल्व्हला हात लावण्याआधी रेडिएटर चाचपून पाहा, पण जपून, चटका बसतो. खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा अडकली आहे. ती रेडिएटरच्या छोट्या किल्लीने काढायची, व्हॉल्व्हचा दोष नाही. वर गरम आणि खाली मधोमध गार असेल तर तळाशी गाळ साचलाय. पूर्ण रेडिएटर गार, पण व्हॉल्व्हपर्यंत येणारा पाइप गरम असेल, तर मात्र संशय व्हॉल्व्हवरच. दुसऱ्या टोकाचा टोपीखालचा नळ, म्हणजे लॉकशील्ड, कुणी बंद केला नाही ना, तेही बघा. तो फिरवावा लागलाच तर किती फेरे फिरवले ते लिहून ठेवा. आणि जाड पडदा किंवा सोफा मुठीवर आला असेल तर आधी तो सरकवा. मुठीभोवती ऊब कोंडते, तिला वाटतं खोली तापली, आणि ती वेळेआधीच पाणी बंद करते.

आता मूठ काढायची. इथे बहुतेक लोक घाबरतात, पण मूठ काढल्याने पाणी येत नाही. पाणी तिच्या खालच्या पितळी भागात असतं. आधी मूठ ५ वर फिरवा, म्हणजे पिनेवरचा दाब सुटतो. मग खालची चकती घड्याळाच्या उलट दिशेने हाताने सोडवा. घट्ट असेल तर फडकं गुंडाळून पाना हळूच लावा. काही मुठी आट्यांच्या नसतात, खटक्याच्या किंवा बारीक स्क्रूच्या असतात, म्हणून ओढाताण करण्याआधी नीट निरखून घ्या.

मूठ निघाली की व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहायला हवा. हीटिंग चालू ठेवून थोडा वेळ थांबा. रेडिएटर तापू लागला तर पिन ठीक आहे, मूठच खराब. तरीही गार राहिला तर पिन आत अडकली आहे. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिला की हे फार वेळा होतं.

पिन मोकळी करताना बोटाने दाबू नका, पान्याच्या सपाट बाजूने दाबा. ती काही मिलिमीटर आत जाऊन आपोआप वर यायला हवी. वर येत नसेल तर पितळी भागावर बाजूने हलकेच टकटक करा, पिनेच्या बुडाशी सिलिकॉन स्प्रेचा थेंब सोडा, पुन्हा दाबा. दहा-वीस वेळा केलं की बहुतेकदा ती सुटते. पकडीने वर ओढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळा. पिन उपसून हातात आली तर दाबाखालचं गरम पाणी अंगावर येईल.

रेडिएटर उलट बंदच होत नसेल, तर पिन आत जात नसेल किंवा खाली कचरा अडकला असेल. मूठ कमी आकड्यावर ठेवून बसवली असली तरी ती नीट बसत नाही. बसवताना नेहमी ५. हिमकणाच्या खुणेवर रेडिएटर पूर्ण बंद नसतो. पाइप गोठू नयेत म्हणून खोली साधारण ७ अंशांच्या खाली गेली की तो उघडतो.

नुसती मूठ बदलायची तर ती घरी बदलता येते. आटे सगळ्यांचे सारखे नसतात, म्हणून जुनीचा फोटो घेऊन दुकानात जा. पितळी भाग बदलायचा तर पाणी उपसावं लागतं, ते काम प्लंबरचं. भाड्याचं घर असेल तर पदरचे पैसे घालू नका. इंग्लंडमध्ये १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम ११ नुसार, सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात हीटिंगची दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी असते. फोनवर बोललात तरी ईमेल पाठवाच.

एप्रिल-मेमध्ये हीटिंग बंद केलं की घरातल्या सगळ्या मुठी ५ वर नेऊन ठेवा. बॉयलर रेडिएटरना पाणीच पाठवत नसल्यामुळे ते तापणार नाहीत, आणि पिना उन्हाळाभर दाबाखाली राहणार नाहीत.